वाचक विचारतात : वादळ ध्रुवावर, मग रोव्हर वाघोलीत का रुसतो?

मागच्या अंकात सूर्यडागांवर लिहिताना शेवटी सहज एक ओळ टाकली होती, की चुंबकीय वादळ आलं (म्हणजे सूर्याकडच्या माऱ्यानं पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र ढवळलं) की ध्रुवाकडच्या आकाशात जे होतं ते आपल्याकडे, म्हणजे विषुववृत्ताजवळच्या आयनोस्फिअरमध्ये (हवेच्या वरच्या विद्युतभारित पट्ट्यात), तसंच्या तसं होत नाही. त्या एका ओळीवरून इतके मेल आले की या वेळचं सगळं सदर त्यावरच खर्ची घालतोय. नावं छापलेली नाहीत, गाव आणि काम तेवढं ठेवलंय. एकसारखे प्रश्न एकत्र केलेत आणि ‘जग कधी बुडणार’ टाइपचे दोन-तीन सरळ बाजूला ठेवलेत.

प्रश्न : मी रस्त्याच्या कामावर सर्व्हेअर आहे. दिवसा ट्रॅफिक असतं म्हणून वाघोलीच्या साईटवर लाइनआऊट (आखणी) रात्री करावं लागतं. मार्च-एप्रिलमध्ये रात्री आठ-साडेआठला रोव्हरचा (हातात घेऊन फिरायच्या जीपीएस रिसीव्हरचा) फिक्स, म्हणजे सेंटिमीटरपर्यंतची पक्की जागा, जातो, फ्लोटवर म्हणजे ढोबळ जागेवर येतो आणि बराच वेळ फ्लोटच राहतो. सप्लायरचा माणूस म्हणतो सोलर स्टॉर्म आहे. म्हणून ॲपवर केपी (चुंबकीय वादळाचा जागतिक आकडा, मोठा म्हणजे वादळ मोठं) बघायला लागलो, तर त्रास होता त्या दिवशी केपी २, आणि एकदा केपी ७ होता त्या रात्री फिक्स हललासुद्धा नाही. हे काय गौडबंगाल आहे? (वाघोली)

सप्लायरचा माणूस बोट आकाशाकडेच दाखवतोय, ते बरोबर आहे, फक्त गुन्हेगार चुकीचा पकडलाय. आणि केपीचं आणि फिक्सचं जमत नाहीये हे तुम्ही स्वतः बघितलंत हे फार बरं केलंत, कारण बरेच लोक ॲपवर लाल पट्टी दिसली की मशीन पेटीत टाकतात आणि हिरवी दिसली की निर्धास्त होतात, आपल्या भागात दोन्ही चूक.

जीपीएसचा सिग्नल वीस हजार किलोमीटरवरून येतो आणि शेवटच्या टप्प्यात आयनोस्फिअरमधून जातो. हा साधारण साठ किलोमीटरपासून हजारेक किलोमीटरपर्यंतचा पट्टा, तिथं सूर्याच्या अतिनील आणि एक्स किरणांनी हवेतले अणू-रेणू फुटून इलेक्ट्रॉन मोकळे फिरत असतात आणि सिग्नलला उशीर करतात. हे इलेक्ट्रॉन मोजायचं माप म्हणजे टीईसी. एक चौरस मीटरचा उभा खांब धरला आणि त्यात एकावर सोळा शून्यं इतके इलेक्ट्रॉन असले की ते एक युनिट, आणि एका युनिटमागे जीपीएसच्या एल-१ सिग्नलवर सुमारे १६ सेंटिमीटरची चूक येते. सूर्य जोरात असलेल्या वर्षांत आपल्याकडे दुपारी हा आकडा शंभरच्या घरात जातो, म्हणजे १६ मीटर. पण तुम्हाला ते जाणवत नाही कारण बेस (माहितीच्या जागेवर स्थिर ठेवलेला रिसीव्हर) आणि रोव्हर दोघांना जवळपास सारखीच चूक येते आणि ती वजा होऊन जाते. भानगड होते ती बेसच्या डोक्यावर एक आकाश आणि रोव्हरच्या डोक्यावर दुसरं आकाश असलं की.

आता हे दुसरं आकाश येतं कुठून. चुंबकीय विषुववृत्त भारताच्या अगदी दक्षिण टोकावरून जातं, थुंबा-तिरुनेलवेलीच्या आसपासून, आणि तिथं पृथ्वीच्या चुंबकीय रेषा आडव्या असतात, दक्षिणोत्तर. दिवसा तिथल्या आयनोस्फिअरमध्ये पूर्वेकडे जाणारं विद्युत क्षेत्र असतं. आडव्या रेषा आणि पूर्वेकडचं क्षेत्र एकत्र आलं की इलेक्ट्रॉन-आयन सगळेच वर उचलले जातात, सेकंदाला वीसेक मीटरनं, मग वर गेल्यावर चुंबकीय रेषांवरून घरंगळत उत्तरेला आणि दक्षिणेला पंधरा-पंधरा अंशांवर जाऊन साचतात. शास्त्रज्ञ याला कारंजंच म्हणतात. त्यामुळे गंमत अशी की ऐन विषुववृत्तावर इलेक्ट्रॉन कमी आणि बाजूला ढीग, आणि आपल्या बाजूचा ढीग पडतो अहमदाबाद-भोपाळच्या पट्ट्यात. पुणे अध्येमध्ये, उतारावर.

संध्याकाळी हे क्षेत्र उलटायचं असतं, पण उलटण्याआधी ते एकदा चांगली उसळी मारतं आणि आयनोस्फिअरचा वरचा थर झपाट्यानं अजून वर ढकलला जातो. त्याच वेळी खालचे इलेक्ट्रॉन, सूर्य गेल्यामुळे, भराभर आयनांना चिकटून संपत चाललेले असतात. म्हणजे वर दाट, खाली विरळ. पाण्याखाली तेल कोंडून ठेवलं तर काय होईल तेच होतं, खालचं विरळ बुडबुडे होऊन वर घुसतं. हे बुडबुडे चुंबकीय रेषेला धरून उत्तर-दक्षिण पसरतात, त्यामुळे जेवढे उंच जातील तेवढे आपल्याकडे लांब पोचतात. पुण्याच्या डोक्यावर यायचं तर विषुववृत्तावर सहाशे-सातशे किलोमीटर उंची गाठावी लागते, अहमदाबादला पोचायचं तर आठशेच्या वर. सूर्य जोरात असला की ते आरामात जातात. मग सेकंदाला शंभरेक मीटरच्या वेगानं पूर्वेकडे सरकतात, आणि त्यांच्या फाटक्या कडांमधून सिग्नल आला की तो लुकलुकतो, याला सिंटिलेशन म्हणतात. रिसीव्हरची लहरी मोजायची साखळी तुटते, सायकल स्लिप होते आणि तुमचा फिक्स जातो. एक बुडबुडा गेला की फिक्स येतो, दुसरा आला की जातो.

यात वादळ कुठंच आलं नाही, हे लक्षात आलं का? केपी २ असताना हे होणारच, कारण हे आपल्या आकाशाचं रोजचं संध्याकाळचं काम आहे. मार्च-एप्रिल आणि सप्टेंबर-ऑक्टोबर हे त्याचे महिने, कारण त्या दिवसांत सूर्यास्ताची रेषा आणि चुंबकीय रेषा भारताच्या रेखांशावर जवळपास जुळतात, उत्तर-दक्षिण दोन्ही टोकांना एकदमच अंधार पडतो आणि ती संध्याकाळची उसळी जोरदार बसते.

साईटवर करायचं काय, तर त्या महिन्यांत सूर्यास्तानंतरच्या अर्ध्या-एक तासापासून मध्यरात्रीपर्यंतचं काम शक्यतो टोटल स्टेशनवर (सॅटेलाइटशिवाय, दुर्बिणीनं कोन-अंतर मोजणाऱ्या यंत्रावर) घ्या. जमत नसेल तर बेस साईटवरच लावा, वीस-तीस किलोमीटरवरच्या स्टेशनच्या भरवशावर राहू नका, रिसीव्हरमध्ये जितक्या सॅटेलाइट सिस्टिम चालू करता येतील तितक्या करा (सगळे सॅटेलाइट एकदम एकाच बुडबुड्यामागे नसतात), आणि फिक्स दिसतोय म्हणून लगेच खुंटी ठोकू नका, माहितीच्या पॉइंटवर एकदा लावून बघा. खोटा फिक्स हा फ्लोटपेक्षा वाईट. केपी ७ च्या रात्रीचं उत्तर खालच्या प्रश्नात येतंय.

प्रश्न : चुंबकीय वादळाची ऊर्जा ध्रुवाजवळ उतरते असं शिकवतात. मग हजारो किलोमीटर लांबच्या विषुववृत्तावर त्याचा परिणाम कसा आणि किती वेळात पोचतो? (धनकवडी, इंजिनिअरिंगची विद्यार्थिनी)

दोन वाटांनी पोचतो. एक वाट विजेची, ती जवळपास लगेच, मिनिटांत. दुसरी वाऱ्याची, ती रमतगमत. आणि दोन्ही वाटांनी आलेले परिणाम बरेचदा एकमेकांच्या उलटे, म्हणून तर आपल्याकडचं भाकीत करणं इतकं त्रासाचं आहे.

विजेची वाट आधी. सूर्याकडून येणाऱ्या वाऱ्याबरोबर चुंबकीय क्षेत्रही येतं, त्याचा उत्तर-दक्षिण हिस्सा म्हणजे ते बीझेड. बीझेड दक्षिणेकडे वळलं (आकडा उणे होतो) की ते पृथ्वीच्या क्षेत्राशी जुळून दार उघडतं आणि ध्रुवाकडच्या आयनोस्फिअरवर मोठं विद्युत क्षेत्र लादलं जातं. एरवी मधले प्रवाह या क्षेत्राला अडवून धरतात, पण बदल अचानक असला तर अडवायला वेळ लागतो आणि तेवढ्यात ते थेट विषुववृत्तापर्यंत घुसतं. याची दिशा दिवसा पूर्वेकडे, रात्री पश्चिमेकडे. दिवसा पूर्वेकडे म्हणजे आपल्या कारंज्याच्याच दिशेनं, त्यामुळे दिवसा वादळ घुसलं की कारंजं अजून उंच उडतं, ढीग अजून मोठे आणि अजून लांब सरकतात. आणि ऐन सूर्यास्ताला घुसलं तर ती रोजची उसळी आणि वादळाचं क्षेत्र यांची बेरीज होते, सगळ्यात वाईट योग तो. मधेच बीझेड फटकन उत्तरेकडे उलटलं तर अडवणारे प्रवाह मागे उरतात आणि थोडा वेळ सगळं उलट्या दिशेनं होतं, तेही आहेच.

वाऱ्याची वाट वेगळी. ध्रुवाकडे ऊर्जा उतरली की तिथली वरची हवा तापते, फुगते आणि विषुववृत्ताकडे वाहायला लागते, पृथ्वी फिरतेय म्हणून वाटेत पश्चिमेकडे वळते, आणि हे वारे आयनोस्फिअरमधून वाहताना स्वतःचं विद्युत क्षेत्र तयार करतात. याला डिस्टर्बन्स डायनॅमो म्हणतात, ब्लँक आणि रिचमंड यांनी १९८० मध्ये याचं गणित मांडलं. हा परिणाम काही तासांनी सुरू होतो आणि एक-दोन दिवस टिकतो, आणि दिशा रोजच्या बरोबर उलटी, दिवसा पश्चिमेकडे, रात्री पूर्वेकडे. म्हणजे दिवसा कारंजं दबतं, संध्याकाळची उसळी मरते, बुडबुडे होतच नाहीत. वाघोलीच्या सर्व्हेअरना केपी ७ ला शांत रात्र मिळाली ती बहुधा अशीच, वादळ सूर्यास्ताच्या बरेच तास आधीपासून चालू असणार आणि वाऱ्यांनी संध्याकाळची उसळी आधीच खाऊन टाकली असणार. मात्र अशा रात्री मध्यरात्रीनंतर, पहाटेकडे, थर पुन्हा वर उचलला जाऊन अवेळी बुडबुडे येऊ शकतात, तेव्हा अगदीच बिनधास्त राहू नये.

याचं आपल्या भागातलं झकास उदाहरण म्हणजे १७ मार्च २०१५ चं वादळ, सेंट पॅट्रिक्स डेचं म्हणून प्रसिद्ध आहे. धक्का बसला आपल्या सकाळी सव्वादहाच्या सुमारास, पण मुख्य जोर दिवसभर वाढत राहिला आणि भारतात सूर्य मावळायच्या वेळेला बीझेडनं दक्षिणेकडे चांगली बुडी मारली. तिरुनेलवेलीवर आयनोस्फिअरचा थर पाचशे किलोमीटरच्या पलीकडे उचलला गेला आणि त्या संध्याकाळी भारतावर जोरदार बुडबुडे आले. दुसऱ्या दिवशी, १८ तारखेला, आपल्याच बाजूला कारंजं दबलेलं. वादळ एकच, भारताच्या वाट्याला पहिल्या दिवशी एक आणि दुसऱ्या दिवशी बरोबर उलटं. दुसऱ्या रेखांशावर, जिथं त्या वेळी सकाळ होती किंवा मध्यरात्र होती, तिथली कहाणी परत वेगळी.

म्हणून माझं मत विचाराल तर ‘वादळ किती मोठं’ हा प्रश्न आपल्या अक्षांशाला दुय्यम आहे, ‘आलं तेव्हा आपल्या घड्याळात किती वाजले होते’ हा पहिला प्रश्न.

प्रश्न : मे २०२४ मध्ये लडाखला ऑरोरा (ध्रुवीय प्रकाश) दिसला. एवढं मोठं वादळ होतं तर पुण्यात काहीच का झालं नाही? तेव्हा ग्रुपवर ‘रात्री मोबाईल बंद ठेवा’ असे मेसेज फिरत होते. (सहकारनगर, निवृत्त बँक कर्मचारी)

मोठं होतंच, २००३ च्या ऑक्टोबरनंतर पहिल्यांदा जी-५ म्हणजे वरच्या टोकाची पायरी गाठली गेली. डीएसटी नावाचा एक आकडा असतो, पृथ्वीभोवती वादळात जो वर्तुळाकार प्रवाह जोर धरतो त्याच्यामुळे विषुववृत्ताकडचं चुंबकीय क्षेत्र किती घसरलं ते सांगणारा, तो उणे ४०० नॅनोटेस्लाच्या खाली गेला होता. साध्या वादळात तो उणे पन्नास-शंभर असतो. हानले इथल्या वेधशाळेच्या कॅमेऱ्यांनी लाल प्रकाश टिपला तो खराच होता, उत्तरेला खूप उंचावरचा ऑरोरा तिथून क्षितिजालगत दिसला. पुण्यातून तो दिसायची आशा धरू नका, आपण फार दक्षिणेला.

आणि काही झालं नाही याचं कारण परत घड्याळच. धक्का पोचला १० मेला रात्री साडेदहाच्या सुमारास आणि सगळ्यात खोल घसरण ११ तारखेच्या सकाळी. इस्रोनंही तेव्हा हेच सांगितलं होतं की मुख्य तडाखा भारताच्या पहाटे बसला, त्या वेळी आपलं आयनोस्फिअर पुरतं भरलेलंच नव्हतं, म्हणून आपल्या भागाला कमी झळ लागली. हेच सहा वाजता संध्याकाळी आलं असतं तर वेगळं लिहावं लागलं असतं.

मोबाईल बंद ठेवायचा मेसेज मात्र निव्वळ भंपक. मोबाईल टॉवरचा सिग्नल आयनोस्फिअरपर्यंत जातच नाही, आणि फोन बंद ठेवून कुणाचं भलं होणार हेही मला कळलेलं नाही.

प्रश्न : अलिबागला गेलो होतो तेव्हा चुंबकीय वेधशाळेचा बोर्ड दिसला. समुद्रकिनारी चुंबकाचं काय काम? (बिबवेवाडी)

ही वेधशाळा मूळची मुंबईची, कुलाब्याची, तिथं १८४१ पासून चुंबकीय नोंदी सुरू होत्या. मुंबईत विजेवर ट्राम चालवायचं ठरलं तेव्हा तिच्या विजेमुळे नोंदी बिघडणार हे उघड होतं, म्हणून शोधाशोध करून १९०४ मध्ये अलिबागला नवं बस्तान बसवलं, चुंबकाला त्रास होणार नाही असं बांधकामाचं सामान वापरून. त्या वेळचे संचालक होते नानाभाई मूस. थोडा काळ दोन्हीकडे एकदम नोंदी घेतल्या म्हणजे जुना-नवा सांधा नीट जुळावा. एवढी सलग मालिका जगात फार थोड्या ठिकाणी आहे. आता हे काम भारतीय भूचुंबकत्व संस्थेकडे आहे, मुख्यालय नवीन पनवेलला.

कुलाब्याच्या त्या जुन्या नोंदींमध्ये सप्टेंबर १८५९ चं वादळ आहे, ज्याला कॅरिंग्टनचं वादळ म्हणतात, इतिहासातलं सगळ्यात गाजलेलं. कुलाब्यात आडवं क्षेत्र सुमारे १६०० नॅनोटेस्लानं घसरल्याची नोंद आहे, आणि ती कुणीतरी डोळ्यांनी काट्याकडे बघत, दर काही मिनिटांनी आकडा लिहीत घेतलेली. विषुववृत्ताकडच्या बाजूची त्या वादळाची एवढी चांगली नोंद दुसरीकडे नाही, आजही जगभरातले लोक ते पान उघडतात.

आणि अलिबागचा आयनोस्फिअरसाठी आजचा उपयोग तर मला सगळ्यात आवडतो. चुंबकीय विषुववृत्तावर दिवसा शंभर-एकशेदहा किलोमीटर उंचीवर एक अरुंद, जोरदार विद्युत प्रवाह पूर्वेकडे वाहतो, इलेक्ट्रोजेट, दोन्ही बाजूंना तीनेक अंश एवढाच पट्टा. तिरुनेलवेली त्याच्या खाली, अलिबाग त्याच्या बाहेर. मग तिरुनेलवेलीच्या आकड्यातून अलिबागचा आकडा वजा केला की वादळाचा दोघांना सारखा लागलेला हिस्सा उडून जातो आणि उरतो तो इलेक्ट्रोजेट, म्हणजेच त्या दिवशी कारंज्याला किती जोर होता त्याचा अंदाज. एक वजाबाकी, बस. कधीकधी उत्तर उणे येतं, तेव्हा समजायचं की प्रवाह उलटा वाहतोय.

थुंबाला रॉकेट स्टेशन का झालं तेही यातच आलं. २१ नोव्हेंबर १९६३ ला तिथून पहिलं रॉकेट गेलं ते हा चुंबकीय विषुववृत्ताचा पट्टा डोक्यावर होता म्हणून, जागा किनाऱ्यावर होती हा वरचा फायदा.

प्रश्न : आमच्या नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी ही मोठी रेडिओ दुर्बीण आहे. त्यांना याचा त्रास होतो का? (शिक्षिका, नारायणगाव)

होतो, ताई, आणि उपयोगही होतो. ४५ मीटर व्यासाच्या ३० ॲंटेना पंचवीसेक किलोमीटरच्या टापूत पसरल्यात आणि त्या सगळ्यांनी एकाच ताऱ्याचा सिग्नल जुळवायचा, तर प्रत्येकीच्या वरचं आयनोस्फिअर थोडं वेगळं असलं की जुळणी बिघडते. फ्रिक्वेन्सी जितकी कमी तितका घोळ जास्त आणि जीएमआरटी मुद्दामच कमी फ्रिक्वेन्सीची. जागा निवडतानाही हे बघितलं होतं, चुंबकीय विषुववृत्तापासून पुरेसं उत्तरेला म्हणजे आकाश जरा शांत, पण इतकंही उत्तरेला नको की दक्षिणेकडचं आकाश हातचं जाईल. म्हणजे शेजारच्या गावात जागा निवडताना थुंब्यावरच्या कारंज्याचा हिशेब झालेला आहे, मुलांना हे जरूर सांगा.

उपयोग असा की जुळणीत जी चूक येते ती म्हणजेच आयनोस्फिअरचं मोजमाप. एका टीईसी युनिटच्या हजाराव्या हिश्श्याइतका फरक या ॲंटेनांमधून पकडता येतो, साध्या जीपीएस रिसीव्हरच्या ते आवाक्याबाहेर.

प्रश्न : मी हॅम (हौशी रेडिओवाला) आहे. वादळ असलं की १५ आणि २० मीटरच्या शॉर्टवेव्ह बँडवर अमेरिका गायब होते पण दक्षिणेकडची स्टेशनं ठणठणीत येतात. शिवाय संध्याकाळी काही सिग्नल फडफडत येतात. (औंध)

पुण्याहून अमेरिकेचा जवळचा रस्ता उत्तर ध्रुवाच्या भागातून जातो, वादळात तो आधी मोडतो. दक्षिणेचा रस्ता आपल्याच कारंज्याखालून जातो आणि दिवसा वादळ घुसलं तर तिथं इलेक्ट्रॉन वाढलेलेही असू शकतात, त्यामुळे वरचे बँड उलट चांगले चालतील. फडफड म्हणजे बुडबुडेच, विषुववृत्त ओलांडून येणाऱ्या सिग्नलला ते ओरबाडतात. अशा विस्कटलेल्या थराची नोंद रेडिओवाल्यांनी फार आधी केली, पेरूमधल्या वानकायो इथं, १९३८ मध्ये, सॅटेलाइट-बिटलाइट यायच्या कितीतरी आधी.

एक घोळ टाळा. भर दुपारी सगळेच बँड अचानक मेले आणि अर्ध्या-एक तासात हळूहळू परत आले तर ते वादळ नाही, ते सूर्यावरची फ्लेअर. तिचे एक्स किरण आठ मिनिटांत येतात, खालच्या डी थराला फुगवतात आणि तो थर शॉर्टवेव्ह गिळून टाकतो. सूर्य डोक्यावर असलेल्या भागाला हे जास्त, म्हणजे इथं आपण ध्रुवापेक्षा जास्त उघडे. चुंबकीय वादळ आणणारा ढग मागून एक ते तीन दिवसांनी येतो, आला तर.

थोडक्यात

डोकेदुखी, बीपी, झोप (चार जणांचा हाच प्रश्न) : जमिनीवर क्षेत्र बदलतं ते काहीशे नॅनोटेस्लानं, आणि पुण्यात एकूण क्षेत्र आहे चाळीस हजारांच्या पुढे. लिफ्टजवळ उभं राहिलात तरी त्याहून जास्त फरक पडतो. डोकं दुखतंय तर डॉक्टरांकडे जा.

लोहगावला विमान उतरताना? (विमाननगर) : ‘गगन’ ही इस्रो आणि विमानतळ प्राधिकरणाची यंत्रणा आयनोस्फिअरच्या दुरुस्त्या आकाशातून पाठवते, २०१५ मध्ये तिला उतरण्याच्या मार्गदर्शनासाठी मान्यता मिळाली, विषुववृत्ताच्या पट्ट्यात असं करणारा भारत पहिला. आयनोस्फिअर फारच बिघडलं तर ती चुकीचं सांगण्यापेक्षा ‘आत्ता वापरू नका’ म्हणते, मग वैमानिकाकडे इतर साधनं असतातच.

फूड डिलिव्हरीवाला चुकीच्या गल्लीत जातो ते यामुळेच का? (कोथरूड) : नाही हो. ते कोथरूडमुळे.

प्रश्न : बीएस्सी शेवटच्या वर्षाला आहे. यावर घरबसल्या, पैसे न घालता प्रोजेक्ट होईल का? कुठला आकडा बघायचा? (कर्वेनगर)

होईल. बंगळूर आणि हैदराबाद इथं आंतरराष्ट्रीय जाळ्यातली जीएनएसएस (जीपीएस आणि तशाच इतर सॅटेलाइट सिस्टिमची) स्टेशनं आहेत, त्यांचा डेटा फुकट मिळतो. दोन फ्रिक्वेन्सींमधल्या फरकातून टीईसी काढायचा, तो मिनिटाला किती बदलतो ते बघायचं आणि पाच-पाच मिनिटांचं स्टँडर्ड डेव्हिएशन काढायचं, याला रोटी म्हणतात (हसू नका, जगभर हेच नाव आहे). रोटी वाढली की बुडबुडा आला. डीएसटी क्योटोच्या डेटा सेंटरवर मिळेल.

केपी हा तीन-तीन तासांचा, साऱ्या जगाचा मिळून एक आकडा आहे, तोही जास्त करून आपल्यापेक्षा बऱ्याच उत्तर-दक्षिणेच्या स्टेशनांवरून काढलेला, आणि तासांचे खाने जागतिक वेळेनं. पहिला खाना म्हणजे आपले पहाटे साडेपाच ते साडेआठ, हे विसरून ग्राफ लावले की सगळंच साडेपाच तासांनी सरकतं, प्रोजेक्ट तपासताना परीक्षक पहिलं हेच बघतील. तेव्हा केपी नुसता ओळखीपुरता ठेवा आणि बीझेड भारतीय वेळेवर मांडा, कधी दक्षिणेला वळला आणि तेव्हा इथं किती वाजले होते. १७ मार्च २०१५ घ्या, त्याच्या आधीचे चार-पाच शांत दिवस घ्या म्हणजे रोजची संध्याकाळ कशी असते ते कळेल, आणि १८ तारीख सोडू नका. फक्त मे २०२४ वर सगळा प्रोजेक्ट उभा करू नका, नाव मोठं असलं तरी तो आपल्याकडचा बुडबुड्यांचा हंगाम नव्हे.